फोनमधील छायाचित्रे संगणकावर घेताना : आधी प्रत, मग पडताळणी, पुसणे सर्वांत शेवटी

विजयदुर्ग परिसरातील एका आंबा बागायतदारांनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांच्या १२८ जीबीच्या अँड्रॉइड फोनमधील जागा संपली आहे. बागेची, घरी चालवत असलेल्या होमस्टेची, शिमग्याच्या पालखीची आणि वादळपावसात झालेल्या नुकसानीची हजारो छायाचित्रे त्यात आहेत. फोन लॅपटॉपला जोडला की नुसते चार्जिंग सुरू होते, आतले काहीही दिसत नाही. मुंबईत नोकरी करणारा मुलगा गणपतीला घरी येईल, तेव्हा त्याच्या आयफोनमधील छायाचित्रेही याच लॅपटॉपवर घ्यायची आहेत. शेवटी त्यांनी विचारले आहे की, लॅपटॉपवर घेतल्यानंतर फोनमधली लगेच काढून टाकली तर चालतील का.

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळी पद्धत त्यावर ठरते. लगेच काढू नका. कणकवलीत संगणक दुरुस्तीचे आणि गेलेला डेटा परत मिळवून देण्याचे काम करताना जी माणसे हताश होऊन समोर बसतात, त्यांपैकी बहुतेकांची छायाचित्रे फोन बिघडल्यामुळे गेलेली नसतात. ‘संगणकावर घेतली आहेत’ अशा समजुतीने फोनमधली पुसली जातात आणि संगणकावर ती अर्धीच आलेली असतात, किंवा आलेल्यांतील काही उघडत नाहीत. आजच्या फोनमधील साठा कूटबद्ध (एन्क्रिप्टेड), म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद असतो, आणि पुसलेल्या फायलींची जागा फोन स्वतःहून मोकळी करून टाकतो. त्यामुळे कचरापेटीतूनही गेलेले छायाचित्र फोनच्या आतल्या साठ्यातून परत मिळण्याची शक्यता जवळजवळ नसते. जुन्या मेमरी कार्डावरून जे शक्य होते, ते येथे होत नाही. म्हणून प्रत करणे, ती तपासणे आणि मूळ पुसणे ही तीन वेगवेगळी कामे समजावीत, आणि तिसरे काम पहिल्या दोन कामांच्या दिवशी करूच नये.

आता नुसते चार्जिंग का होते ते पाहू. यूएसबी केबलमध्ये किमान दोन तारा विजेसाठी आणि दोन तारा माहितीच्या देवाणघेवाणीसाठी लागतात. पंखे, दिवे, ब्लूटूथ स्पीकर किंवा स्वस्त पॉवर बँक यांच्यासोबत येणाऱ्या कित्येक केबलींत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. अशा केबलने फोन उत्तम चार्ज होतो, परंतु लॅपटॉपला तो कधीच दिसत नाही, आणि माणूस विनाकारण ड्रायव्हर, म्हणजे फोन ओळखण्यासाठी लागणारा प्रोग्राम, शोधत बसतो. म्हणून सर्वप्रथम फोनच्या खोक्यात आलेली मूळ केबल घ्यावी. ती हरवली असेल, तर दुकानात ‘डेटा केबल’ असे स्पष्ट सांगून घ्यावी आणि शक्य झाल्यास तिथल्याच संगणकावर जोडून पाहावी.

केबल योग्य असूनही फोन दिसत नसेल, तर फोनचे चार्जिंगचे तोंड पाहावे. आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत तिथल्या धातूच्या बारीक पट्ट्यांवर हिरवट किंवा पांढरा थर धरतो, आणि खिशातल्या कापडाचा धागा व धूळ आत दाबली जाऊन केबल पूर्ण बसत नाही. बागेत फवारणी चालू असताना फोन जवळ बाळगणाऱ्यांच्या बाबतीत हे अधिक दिसते. विजेच्या पट्ट्या अजून टेकत असतात, पण माहितीच्या टेकत नाहीत. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने ती घाण काढावी. सुई किंवा टाचणी कधीही घालू नये. फोनवर पाण्याच्या थेंबाचे चिन्ह दिसत असेल, तर तो आतून कोरडा होईपर्यंत केबल जोडूच नये.

यानंतर फोनमधील सेटिंग येते. सुरक्षेसाठी अँड्रॉइड फोन जोडल्यावर आपणहोऊन केवळ चार्जिंग सुरू करतो आणि आतील फायली दाखवत नाही. फोनचे कुलूप उघडून वरची सूचनापट्टी खाली ओढावी. ‘यूएसबीद्वारे चार्जिंग’ अशा अर्थाच्या सूचनेवर टिचकी मारल्यावर जे पर्याय येतात, त्यांतून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावा. काही कंपन्यांचे फोन जोडताक्षणी ‘फोनमधील माहिती पाहू द्यावी का?’ असे विचारतात, तिथे परवानगी द्यावी. यानंतर विंडोजच्या ‘धिस पीसी’ या खिडकीत फोनचे नाव दिसू लागते. डेस्कटॉप संगणक असेल, तर पुढच्या तोंडांऐवजी मागच्या बाजूची तोंडे वापरावीत. ती थेट संगणकाच्या मुख्य पाटीवर (मदरबोर्डवर) असल्यामुळे जोडणी अधिक भरवशाची असते. मॅक संगणक अँड्रॉइडच्या फायली स्वतःहून दाखवत नाही. त्यासाठी ‘ओपनएमटीपी’सारखा वेगळा प्रोग्राम घ्यावा लागतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली, तर पुढचा पुष्कळ त्रास वाचतो. फोन संगणकाला पेन ड्राइव्हसारखा जोडला जात नाही. फार जुने फोन तसे जोडले जात. परंतु एकाच साठ्यावर फोन आणि संगणक या दोघांनी एकाच वेळी लिहिणे धोक्याचे असल्यामुळे अँड्रॉइडने २०११च्या सुमारास ‘एमटीपी’ ही पद्धत स्वीकारली. या पद्धतीत संगणकाला गोदामात शिरता येत नाही. रेशनच्या दुकानात गिऱ्हाईक बाहेर उभे राहून मागते आणि दुकानदार आतून एकेक जिन्नस आणून देतो, तसा संगणक एकेक फाइल मागतो आणि फोन ती देतो. म्हणूनच हजारो छायाचित्रांचे फोल्डर उघडल्यावर यादी पूर्ण दिसायला काही मिनिटे लागतात. वरची हिरवी पट्टी पुढे सरकत असताना यादी अपुरीच असते, आणि घाईने ‘सर्व निवडा’ केले तर जेवढी दिसत होती तेवढीच निवडली जातात. अपुऱ्या प्रतींचे हे एक मोठे कारण मी कायम पाहत आलो आहे. पट्टी संपेपर्यंत थांबावे. त्याच वेळी फोनमधून दुसरे काही कॉपी करायला लावू नये आणि फोनवर कॅमेराही वापरू नये.

कॅमेऱ्याने काढलेली छायाचित्रे ‘डीसीआयएम’ या फोल्डरमधील ‘कॅमेरा’ फोल्डरमध्ये असतात. स्क्रीनशॉट फोनच्या कंपनीनुसार ‘डीसीआयएम’ किंवा ‘पिक्चर्स’ यांपैकी एकात सापडतात. व्हॉट्सॲपवर आलेली छायाचित्रे मात्र अँड्रॉइड ११पासून आडजागी गेली आहेत. ‘अँड्रॉइड’, त्यात ‘मीडिया’, त्यात ‘कॉम डॉट व्हॉट्सॲप’, त्यात ‘व्हॉट्सॲप’ आणि पुन्हा ‘मीडिया’ अशा क्रमाने आत जावे लागते. ही वाट ठाऊक नसल्यामुळे पुष्कळजण कुटुंबाच्या गटावर आलेली लग्नाची, बारशाची छायाचित्रे घ्यायची विसरतात. फोनमध्ये मेमरी कार्ड असेल, तर ते वेगळा साठा म्हणून दिसते. ते काढून कार्ड रीडरमध्ये घातल्यास काम बरेच जलद होते.

प्रत्यक्ष प्रत करण्याआधी लॅपटॉपवर पुरेशी मोकळी जागा आहे ना, ते पाहावे. विंडोजच्या ‘पिक्चर्स’ फोल्डरमध्ये छायाचित्रे टाकण्याची सवय असेल, तर एक सावधगिरी बाळगावी. नव्या लॅपटॉपवर हे फोल्डर अनेकदा मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह या इंटरनेटवरील साठ्याशी जोडलेले असते आणि तिथली मोफत जागा केवळ ५ जीबी असते. समजा आपली ६० जीबी छायाचित्रे आहेत; ती तिथे टाकली की ती जागा भरल्याच्या सूचना येऊ लागतात, आणि वैतागून वनड्राइव्हमधून पुसायला गेलेला माणूस लॅपटॉपवरचीही पुसून बसतो. त्यापेक्षा डी ड्राइव्हवर, किंवा तो नसेल तर सी ड्राइव्हवर थेट, स्वतःचे वेगळे फोल्डर करावे. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना आणि मग विषय लिहावा, उदाहरणार्थ ‘२०२४-०३ शिमगा’. म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. दोन फोनांतील छायाचित्रे एकाच फोल्डरमध्ये कधीही टाकू नयेत. आयफोनमधील फायलींना ‘आयएमजी’ आणि पुढे चार अंक अशी नावे असतात. ते अंक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात आणि सारख्या नावाच्या दोन फायली आल्या की एकीवर दुसरी लिहिली जाण्याचा धोका असतो.

प्रत करताना ‘कॉपी’ हाच आदेश वापरावा, ‘कट’ वापरू नये. ‘कट’ करून काम चालू असताना केबल हलली किंवा लॅपटॉप झोपी गेला, तर कोणत्या फायली पोचल्या, कोणत्या वाटेत राहिल्या आणि कोणत्या फोनमधून निघून गेल्या, याचा हिशेब लागत नाही. ‘कॉपी’ करताना तसेच घडले, तर अपुरे राहिलेले फोल्डर पुसून पुन्हा सुरुवात करता येते. एकदम सगळे न उचलता पाचशे ते हजार फायलींचे गट करावेत, आणि मोठे व्हिडिओ वेगळे घ्यावेत. लॅपटॉपच्या पॉवर सेटिंगमध्ये ‘कधीही झोपू नये’ असे तात्पुरते करून ठेवावे. फोनसोबत येणाऱ्या टाइप-सी केबलींपैकी बहुतेक यूएसबी २.० च्या असतात. त्यांची कागदोपत्री कमाल गती सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट असते, पण प्रत्यक्षात साधारण ३० मेगाबाइटच्या आसपास मिळते. त्या हिशेबाने ६० जीबीला किमान अर्धा तास, आणि लहान फायली पुष्कळ असतील तर तास-दीड तास धरावा. हे काम वळवाच्या पावसाची चिन्हे असताना सुरू करू नये. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, परंतु डेस्कटॉप संगणकावर यूपीएस नसताना मोठी प्रत करणे मला पटत नाही.

पडताळणी हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा भाग आहे. फोनमधील फोल्डरच्या फायलींची संख्या आणि लॅपटॉपवरील फोल्डरची संख्या शेजारी शेजारी ठेवून पाहावी. दोन्हींत एका फायलीचाही फरक असेल, तर तो शोधावा. मग लॅपटॉपवरील फोल्डरमध्ये फायली आकारानुसार लावाव्यात. शून्य केबी आकाराची एखादी फाइल आढळली, तर ती आलेली नाही असे समजावे. त्यानंतर सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशी काही छायाचित्रे प्रत्यक्ष उघडावीत, आणि मोठे व्हिडिओ शेवटपर्यंत पुढे सरकवून पाहावेत, कारण अर्धवट आलेला व्हिडिओ कित्येकदा सुरुवातीला बिनतक्रार चालतो. लघुचित्र (थंबनेल) दिसते म्हणजे पूर्ण छायाचित्र आले आहे, असे मुळीच नाही. हे सगळे फोन लॅपटॉपला जोडलेला असतानाच करावे.

तारखांचा एक घोटाळा अनेकांना घाबरवतो. लॅपटॉपवर सगळ्या छायाचित्रांवर आजचीच तारीख दिसू लागते. ती फाइल लॅपटॉपवर निर्माण झाल्याची तारीख असते. छायाचित्र काढल्याची खरी तारीख, वेळ आणि परवानगी दिलेली असल्यास ठिकाणही छायाचित्राच्या आत नोंदलेले असते. विंडोजमध्ये ‘डेट टेकन’ हा रकाना दाखवायला सांगितला की ती दिसते. ही आतली नोंद आपल्या भागात विशेष मोलाची आहे. वादळात पडलेली कलमे, उडालेले पत्रे, पाण्याखाली गेलेले अंगण यांची छायाचित्रे पंचनाम्याच्या वेळी किंवा विम्याच्या दाव्यात दाखवायची असतील, तर तारीख आणि ठिकाण असलेली मूळ फाइल जवळ असणे केव्हाही बरे. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र लहान होते आणि त्यातील या नोंदी निघून जातात. म्हणून स्वतःलाच किंवा मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवून मग लॅपटॉपवर उतरवून घेण्याची जी सोपी वाट बहुतेकजण धरतात, ती नुकसानीच्या छायाचित्रांसाठी तरी धरू नये. पाठवणे भागच असेल, तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. तशी मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

आता मुलाच्या आयफोनविषयी. आयफोन जोडल्यावर त्याच्या पडद्यावर ‘या संगणकावर विश्वास ठेवायचा का?’ असा प्रश्न येतो. त्याला होकार देऊन पासकोड टाकल्याशिवाय लॅपटॉपवर रिकामे फोल्डरच दिसते. लॅपटॉपने फोन ओळखलाच नाही, तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ‘ॲपल डिव्हायसेस’ हा प्रोग्राम घ्यावा. २०२३मध्ये आलेल्या आयफोन १५पासून टाइप-सी तोंड आहे. त्याआधीच्या फोनला लाइटनिंग केबल लागते, ती मुलाला आठवणीने सोबत आणायला सांगावे, कारण गावात ऐन गणपतीत ती मिळेलच असे नाही.

आयफोनमध्ये २०१७च्या आयओएस ११पासून छायाचित्रे नेहमीच्या जेपीईजीऐवजी ‘एचईआयसी’ या कमी जागा घेणाऱ्या फाइल-प्रकारात साठवली जातात. सेटिंगमधील ‘फोटोज’ या भागात तळाशी ‘मॅक किंवा पीसीकडे पाठवताना’ अशा अर्थाचा पर्याय आहे. तिथे ‘ऑटोमॅटिक’ निवडलेले असेल, तर फोन प्रत्येक छायाचित्राचे जेपीईजीमध्ये रूपांतर करत करत पाठवतो, आणि हे रूपांतर मध्येच अडखळले की विंडोजवर ‘जोडलेले उपकरण काम करत नाही’ असा संदेश येऊन प्रत थांबते. ‘कीप ओरिजिनल्स’ निवडल्यास हा त्रास बहुधा संपतो. मात्र तशी आलेली छायाचित्रे विंडोजवर पाहण्यासाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधील मोफत ‘हीफ इमेज एक्स्टेन्शन्स’ बसवावे लागते. माझा सल्ला मूळच घेण्याचा आहे. रूपांतर पुढे केव्हाही करता येते. प्रत केल्यावर एकाच नावाच्या दोन-तीन फायली दिसल्या, तर जास्तीच्या म्हणून पुसू नयेत. ‘लाइव्ह फोटो’चा लहानसा व्हिडिओ वेगळ्या फाइलमध्ये येतो, आणि फोनवर केलेल्या फेरफारांची नोंद ‘एएई’ नावाच्या छोट्या फाइलमध्ये असते.

आयफोनमधील याहून मोठी अडचण वेगळीच आहे. ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ हा पर्याय चालू असेल, तर मूळ छायाचित्रांपैकी बरीचशी आयक्लाउडवर, म्हणजे ॲपलच्या इंटरनेटवरील साठ्यात असतात आणि फोनमध्ये त्यांच्या लहान प्रती उरतात. अशा वेळी फोनवर आठ हजार छायाचित्रे दिसतात आणि केबलने तीन हजारच मिळतात. केबल बदलून काही उपयोग नसतो. ती छायाचित्रे आयक्लाउडच्या संकेतस्थळावरून किंवा ‘आयक्लाउड फॉर विंडोज’ या प्रोग्राममधून उतरवावी लागतात, आणि हे काम मुलाने मुंबईतच, चांगल्या जोडणीवर आधी उरकून यावे.

केबलशिवाय काम करायचे असेल, तर अँड्रॉइडसाठी विंडोजवरील ‘क्विक शेअर’, किंवा दोन्ही प्रकारच्या फोनांवर चालणारा ‘लोकलसेंड’ हा मोफत प्रोग्राम चांगला आहे. लोकलसेंडला फोन आणि लॅपटॉप एकाच वायफायवर असणे पुरते, इंटरनेट चालू असण्याची गरज नसते. पावसाळ्यात फायबर तुटलेले असले तरी घरातल्या राउटरला वीज आहे तोवर काम होते. दहा-वीस छायाचित्रांसाठी हे उत्तम. ६० जीबीसाठी मी केबलच सांगेन. ब्लूटूथचा विचारही करू नये.

गूगल फोटोजविषयी आपण थेट विचारलेले नाही, परंतु आपल्या फोनमध्ये ते बहुधा चालू असेल, म्हणून सांगणे भाग आहे. १ जून २०२१पासून तिथे चढवलेली छायाचित्रे १५ जीबीच्या मोफत जागेत मोजली जातात, आणि त्याच जागेत जीमेल व गूगल ड्राइव्हही असतात. ६० जीबी तिथे बसणार नाहीत. आणि पैसे भरून जागा घेतली, तरी सेकंदाला ५ मेगाबिटच्या अपलोड गतीने ती पोचायला सलग २६-२७ तास लागतील. याहून महत्त्वाचे म्हणजे गूगल फोटोजमधून एखादे छायाचित्र पुसले की ते फोन आणि क्लाउड (गूगलचा इंटरनेटवरील साठा) या दोन्ही ठिकाणांहून जाते. ‘फ्री अप स्पेस’ हा आदेश वेगळा आहे. तो क्लाउडवर चढलेली छायाचित्रे केवळ फोनमधून काढतो. चुकून पुसलेली, पण आधी क्लाउडवर चढलेली छायाचित्रे तिथल्या कचरापेटीत ६० दिवस राहतात, न चढलेली ३० दिवस.

लॅपटॉपवर प्रत आली आणि तपासून झाली, तरी पुसण्याची वेळ अजून आलेली नाही. फोनमधली पुसताक्षणी लॅपटॉपवरची प्रत ही एकुलती एक प्रत होते. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर घरांची छपरे उडवली आणि २२ जुलै २०२१ला चिपळूण शहर पाण्याखाली गेले. अशा प्रसंगी फोन, लॅपटॉप आणि कपाटातील डिस्क एकाच घरात असतील, तर तीनही प्रती एकाच वेळी भिजतात. म्हणून एक बाह्य हार्ड डिस्क घ्यावी. पेन ड्राइव्ह कायमच्या साठ्यासाठी मी सुचवत नाही. शिवाय अगदी स्वस्तात १ टीबी म्हणून विकले जाणारे पेन ड्राइव्ह कित्येकदा बनावट असतात, ते भरलेले दिसतात आणि प्रत्यक्षात फायली आत नसतात. डिस्क ‘एक्सफॅट’ पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी. जुन्या ‘फॅट ३२’ पद्धतीत ४ जीबीहून मोठी एकही फाइल बसत नाही आणि लांबलचक व्हिडिओ नेमके तिथेच अडतात.

ही डिस्क घरी ठेवायची असेल, तर झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर एकदा जोडून त्यातील काही छायाचित्रे उघडून पाहावीत. परंतु आपल्याला त्याहून चांगली सोय आहे. गणपतीत आपल्या आणि मुलाच्या अशा दोन्ही फोनांतील छायाचित्रे लॅपटॉपवर व डिस्कवर घ्यावीत, दोन्हीकडील संख्या जुळवावी, आणि परत जाताना डिस्क मुलाबरोबर मुंबईला पाठवावी. ती तिथे पोचली, मुलाने त्याच्या संगणकाला जोडून छायाचित्रे उघडत असल्याचे कळवले, की फोनमधली पुसायला हरकत नाही. तोपर्यंत जागेची नड असेल, तर व्हॉट्सॲपच्या ‘मॅनेज स्टोरेज’मधून फॉरवर्ड होत आलेले मोठे व्हिडिओ काढावेत. आपल्या १२८ जीबींपैकी बरीच जागा तिथेच अडकलेली सापडेल, आणि त्यांतले आपल्या कॅमेऱ्याने काढलेले काहीही नसेल.